वीज : हक्काची की ऐपतीची?

(पुणे शहरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वीज हा इंजिनिअरांचा आणि हिशेबनिसांचा विषय आहे, त्यात राजकीय कार्यकर्त्याने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असा एक समज आपल्यातही रूढ आहे. भाकरीचा प्रश्न आपल्याला आपला वाटतो, जमिनीचा वाटतो, पाण्याचाही वाटतो. परंतु विजेचा प्रश्न निघाला की आपण बिल वाढले म्हणून एक मोर्चा काढतो आणि घरी जातो. वस्तुतः आज भाकरी, जमीन आणि पाणी या तिन्ही गोष्टींपर्यंत पोचण्याची वाट विजेच्या तारेवरून जाते. विहिरीतले पाणी पंपावाचून वर येत नाही, पिठाची गिरणी विजेवाचून फिरत नाही आणि दिव्याखाली बसून अभ्यास केल्याशिवाय कष्टकऱ्याचे पोर परीक्षेत टिकत नाही. म्हणून वीज कोणाला, कोणत्या वेळी, किती दराने मिळावी आणि हे कोणी ठरवावे, हा सत्तेचा प्रश्न आहे. तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होणे आपल्याला परवडणार नाही.

सरकारी उत्तर असे असते की, प्रश्न संपलेला आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लायसांग या गावी वीज पोचली आणि देशातील शेवटचे गाव उजळले, असे जाहीर झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेनंतर जवळजवळ प्रत्येक इच्छुक घराला जोडणी मिळाल्याचे २०१९ मध्ये सांगण्यात आले. जोडण्या मिळाल्या, हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तार घरात येणे वेगळे आणि दिवा लागणे वेगळे. तार आली, पण महिन्याचे बिल भरण्याची ताकद नसेल तर ती तार शोभेची. बिल भरले, पण ज्या वेळी वीज हवी त्याच वेळी ती नसेल तर बिल भरूनही अंधारच. जोडणी, परवडणारा दर आणि भरवशाचा पुरवठा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच घरात वीज आहे असे म्हणता येईल. पहिली गोष्ट दाखवून दुसरी आणि तिसरी विसरायला लावणे, ही आपल्या विद्युतीकरणाची जुनी खोड आहे.

किती जुनी, तेही पाहू. १९९७ पर्यंत एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकरण झालेले मानले जाई. म्हणजे शिवारातल्या एका बागाईतदाराच्या विहिरीवर मोटर बसली, की सारे गाव कागदावर उजळले! १९९७ मध्ये व्याख्या बदलली आणि वस्तीत वीज हवी असे ठरले. २००४ मध्ये आणखी सुधारणा होऊन सार्वजनिक इमारतींबरोबर किमान १० टक्के घरांत जोडणी हवी असे ठरले. याचा अर्थ, ९० टक्के घरे अंधारात असली तरी गाव उजळलेले! १९६३ मध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा सरकारने पंधरा आण्यांच्या सरासरीचा आधार घेतला होता. सरासरीच्या पोटात उपाशी माणूस दडवता येतो, हे त्या वादातून देशाला कळले. विजेच्या आकड्यांकडेही आपण त्याच नजरेने पाहिले पाहिजे. दरडोई वापराच्या सरासरीत कारखाना, वातानुकूलित दुकान आणि एका बल्बची झोपडी ही सारी एकाच ओळीत उभी असतात.

आता या प्रश्नाच्या इतिहासाकडे वळू. हा इतिहास पुण्यापासून फार दूर नाही. पौड ओलांडून पुढे गेले की मुळशीचे धरण लागते. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी धरण बांधू लागली, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा देत तो लढा तीन वर्षे चालला. लढा मोडला, भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचे आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झालेलेच होते. या तिन्ही ठिकाणी पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडले जाते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या चालल्या. ज्यांची चूल पाण्याखाली गेली त्यांच्या झोपडीत दिवा लावण्याचे कलम त्या व्यवहारात नव्हते.

मुळशीची आठवण मी एका कारणासाठी काढतो आहे. तिथे एक नमुना तयार झाला आणि मालक बदलले तरी तो नमुना बदलला नाही. कोयनेचा प्रकल्प खाजगी कंपनीचा नव्हता, तो आपल्या राज्याचा होता. त्याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. परंतु कोयनेच्या धरणग्रस्तांना आपल्या पुनर्वसनासाठी पुढच्या पिढीपर्यंत आंदोलने करावी लागली. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र पाहा. कोळसा तिथला, राख तिथली, धूर तिथला. आणि १९९९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी दीड हजार मेगावॅट वीज सबंध राज्य ओलांडून मुंबईच्या वेशीवर आणण्यासाठी उभारलेली. वीज एका ठिकाणी तयार होऊन दुसऱ्या ठिकाणी वापरली जाणे यात गैर काही नाही. एका राज्याचे, एका देशाचे जाळे याच्यासाठीच असते. परंतु ज्याने जमीन दिली, ज्याने राख खाल्ली, त्याचा हक्क त्या जाळ्यात शेवटचा का असावा, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

म्हणून सार्वजनिक मालकी हे उत्तराचे पहिले पाऊल आहे, संपूर्ण उत्तर नव्हे. ते पहिले पाऊल कोणी टाकले हे मात्र आज विसरले जात आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्यात होता. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही आणि नफ्यासाठी चालणारे खाजगी भांडवल अशी वीज देणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. स्वातंत्र्यानंतर हे खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे आले आणि त्यांच्याच काळात १९४८ चा वीजपुरवठा कायदा संमत झाला. राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन व्हावीत, त्यांनी नफ्यासाठी धंदा करू नये, मात्र शक्यतो तोट्यातही जाऊ नये, ही त्या कायद्याची दृष्टी होती. त्याच कायद्याखाली जून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले.

त्या मंडळाने डोंगरकपारीत खांब नेले. कोणतीही खाजगी कंपनी तिथे गेली नसती, कारण तिथे नफा नव्हता. हे केवळ आपल्याकडचे नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत १९३५ साली दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती, कारण खाजगी कंपन्यांना ती ग्राहकी परवडत नव्हती. तिथल्या सरकारने स्वस्त कर्जे दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, तेव्हा कुठे खेड्यांत दिवे लागले. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये गरीब कुटुंबांना महिन्याला ५० युनिट विनामूल्य देण्याचे धोरण आणले. बाजारावर सोडून दिले म्हणून गरिबाच्या घरी वीज आली, असा दाखला निदान माझ्या वाचनात नाही.

परंतु सार्वजनिक मंडळ लोकांचे राहिले का? इथे आपण आपल्या बाजूचेही परीक्षण केले पाहिजे. मंडळ मंत्र्यांचे झाले, कंत्राटदारांचे झाले. मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था सहकाराच्या नावाने नगर जिल्ह्यात चार दशके चालली, मंडळाची देणी थकवत राहिली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपल्यावर तो भाग राज्याच्या कंपनीकडे आला. सभासद हजारो, पण निर्णय मूठभरांचे. नाव सहकाराचे असो वा सरकारचे, हिशेब लोकांसमोर मांडला जात नसेल तर ती मालकी लोकांची नसते.

हिशेब झाकला की काय होते, याचा सर्वांत महागडा धडा महाराष्ट्राने एन्रॉनमध्ये घेतला. दाभोळ वीज कंपनीबरोबर मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार द्यायचा, देणे डॉलरच्या भावाशी बांधलेले, आणि हा करार जनतेला पाहायला मिळू नये अशी व्यवस्था. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून दोन्ही टप्प्यांसह पुन्हा मान्य केला. पुण्यातील ‘प्रयास’ या गटातील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ सालीच आकडेमोड करून दाखवले होते की, हा बोजा मंडळाला पेलणार नाही. मृणालताई गोरे यांच्यासारखे आपले नेते गुहागरच्या गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. कोणी ऐकले नाही. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, काही महिन्यांत तिचा दर युनिटला सात रुपयांच्याही वर गेला, मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. या काळात मंडळ खंगले, दुरुस्ती आणि नवी उभारणी मागे पडली. त्याची किंमत पुढच्या दशकात खेड्यांनी भरली.

ती किंमत म्हणजे भारनियमन. २००५ नंतरच्या वर्षांत राज्यात ऐन गरजेच्या वेळी चार ते पाच हजार मेगावॅटचा तुटवडा होता. तुटवडा असला की वाटप करावे लागते, हे उघड आहे. रेशनच्या दुकानात धान्य कमी पडले तर आपण काय म्हणतो? सर्वांना थोडे थोडे द्या, आणि आधी गरिबाला द्या. विजेच्या बाबतीत नेमके उलटे झाले. मुंबई वगळली गेली. शहरांना थोडे तास आणि शेतीप्रधान भागांना बारा-बारा तास अंधार आला. पुढे वाहिनीवरील गळती आणि वसुली पाहून भागांचे गट पाडण्यात आले. जिथे चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण विचार करा, ज्या वस्तीत शंभरातले तीस लोक आकडे टाकतात, तिथे नियमाने बिल भरणाऱ्या सत्तरांनाही अंधाराची शिक्षा! इंग्रज सरकार बंडखोर गावांवर सामुदायिक दंड बसवीत असे. स्वराज्यात तीच रीत वेळापत्रक होऊन आली. शिवाय गळती ही केवळ चोरीमुळे होत नाही. जुन्या तारा, लांबलेल्या वाहिन्या आणि कुवतीबाहेर भार वाहणारी रोहित्रे यांमुळेही ती होते. ती दुरुस्त करण्याचे काम ग्राहकाचे नव्हते. ज्याने काम केले नाही त्याने शिक्षा ठोठावली आणि ती भोगली तिसऱ्यानेच.

याच काळात आपल्या पुणे शहराने एक वेगळा मार्ग काढला आणि त्याची देशभर वाहवा झाली. ज्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेलवरची जनित्रे होती, त्यांनी तुटवड्याच्या तासांत ती चालवावीत, मंडळाच्या वारसदार कंपनीकडची वीज तेवढी कमी घ्यावी आणि वाचलेली वीज शहराला मिळावी. डिझेलचा जादा खर्च शहरातील ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावून भरून काढावा, अशी ती योजना होती. वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने ती जून २००६ मध्ये सुरू झाली आणि पुणे भारनियमनमुक्त झाले. योजना कल्पक होती, तिच्यामागची मंडळी प्रामाणिक होती, आणि कमी वीज वापरणाऱ्या घरांना अधिभारातून वगळण्याचे भानही तिच्यात होते. मी तिला नावे ठेवण्यासाठी उभा नाही. पण तिच्यातून जे तत्त्व रुजले ते आपण तपासले पाहिजे. भरवशाची वीज ही जास्त पैसे मोजणाऱ्याला मिळणारी वस्तू आहे, हे ते तत्त्व. पुण्याच्या वेशीबाहेर खेड-शिरूरच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने कोणता अधिभार भरायचा होता? त्याच्याकडे ना कारखाना होता, ना जनित्र, ना शहराची संघटित आवाज उठवण्याची शक्ती.

आणि साथींनो, इथे माझ्या भाषणातला मुख्य मुद्दा येतो. ज्यांचा आवाज मोठा आहे ते जेव्हा एखाद्या सार्वजनिक व्यवस्थेतून पैसे देऊन बाहेर पडतात, तेव्हा ती व्यवस्था सुधारण्याची निकड संपते. म्युनिसिपालिटीच्या शाळांचे हेच झाले. सरकारी दवाखान्यांचे हेच झाले. कलेक्टरचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तोवर त्या शाळेचे छप्पर गळत नव्हते. विजेच्या बाबतीत या बाहेर पडण्याची पहिली पायरी म्हणजे घरातला इन्व्हर्टर, दुसरी सोसायटीतले जनित्र, तिसरी शहरापुरती विकत घेतलेली भारनियमनमुक्ती, आणि आजची पायरी म्हणजे छतावरचे सौर संच. फेब्रुवारी २०२४ मधील केंद्राच्या योजनेत अशा घरगुती संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सूर्याच्या विजेला माझा विरोध कसा असेल? पण ज्याला स्वतःचे छत आहे त्यालाच ते अनुदान आहे. पर्वतीच्या पायथ्याशी, ताडीवाला रस्त्यावर, येरवड्याला पत्र्याखाली राहणाऱ्याला ते नाही. जास्त वापराचे, जास्त दराचे ग्राहक असे एकेक करून बाहेर पडले, तर खांब, तारा आणि रोहित्रे यांचा खर्च उरलेल्या गरिबांवर पडणार. बिलावरचा स्थिर आकार सतत वाढतो आहे त्याचे हे एक कारण आहे.

खाजगीकरणाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. मग शहरांचे वितरण फ्रँचाईझीला देणे सुरू झाले. २००७ मध्ये भिवंडी गेली. तिथे गळती कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०११ मध्ये दिलेल्या शहरांचे काय झाले? औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये, आणि नागपूर २०१९ मध्ये परत सरकारी कंपनीच्या पदरात पडले. फायदा असेल तोवर खाजगी, तोटा आला की सार्वजनिक! पुढे एकाच भागात दुसऱ्या कंपनीला समांतर परवाना देण्याची टूम निघाली. २०२२ मध्ये मुलुंडपासून नवी मुंबईपर्यंतच्या पट्ट्यासाठी अदानी समूहाने असा अर्ज केला. कंपनीला गडचिरोलीचा परवाना का नको असतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील वीज कामगारांनी संप केला आणि खाजगीकरण करणार नाही असे आश्वासन सरकारकडून मिळवले. त्या कामगारांची लढाई पगारवाढीची नव्हती. मलईचा भाग गेला तर उरलेल्या महाराष्ट्राला वीज पुरवणारी कंपनी जगणार कशी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आपलाही आहे.

आता शेतकऱ्याकडे वळतो. राज्यात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षे त्यांना आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास वीज मिळत आली आहे. रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात, बांधावर साप आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या, अशा परिस्थितीत बाप दारे धरायला जातो आणि घरचे लोक जागे राहतात. दिवसाची वीज कारखान्याला आणि शहराला. रात्रीची, कोणालाच नको असलेली वीज शेतकऱ्याला. वर शहरातल्या माणसाला सांगायचे की, तुझे बिल शेतकऱ्यामुळे वाढते!

या आरोपात तथ्य किती? सत्तरीच्या दशकात मीटर काढून अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. तेव्हापासून शेतीत खरोखर किती वीज जाते हे मोजलेच जात नाही; अंदाज केला जातो. आणि जी वीज गळाली, चोरीला गेली, तीही शेतीच्या नावावर मांडण्याची सोय झाली. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासारखे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षे आयोगापुढे आकड्यांनिशी मांडत आले. शेवटी २०२० च्या दरनिश्चितीत आयोगाने कृषी वापराचे दाखवलेले आकडे खाली आणले. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचे पाप लिहिले जात होते, ही गोष्ट आयोगाच्या दप्तरातच नोंदली गेली.

मोफत विजेच्या घोषणेने हा प्रश्न सुटतो का? २००४ मध्ये निवडणुकीपूर्वी शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती काढून घेतली गेली. २०२४ मध्ये पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. कोरडवाहू शेतकऱ्याला, भूमिहीन मजुराला, पंपच नसलेल्या आदिवासीला त्यातून काय मिळते? अनुदान जरूर असावे, पण ते हक्क म्हणून, पाण्याच्या न्याय्य वाटपाशी जोडून असावे. निवडणुकीचा प्रसाद म्हणून वाटले गेलेले अनुदान निवडणुकीनंतर परतही घेतले जाते.

या बाबतीत एक आशेची गोष्टही आहे. शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करून त्या जवळच्याच सौर केंद्रांतून दिवसा चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला वेग आला. अशी वीज युनिटला सुमारे तीन रुपयांत मिळते आणि ती दिवसा मिळते. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तिच्यातला गावाचा खांब इथे उभा राहू शकतो. पण तो आपोआप उभा राहणार नाही. केंद्रे खाजगी कंपन्यांची आहेत आणि त्यांच्यासाठी गायराने दिली जात आहेत. त्या गायरानावर गुरे चारणारे, पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारे दलित आणि भटके कुठे जाणार? मुळशीचा नमुना आरशासारख्या चकचकीत पट्ट्यांखाली पुन्हा उभा राहू द्यायचा नसेल, तर ग्रामसभेची संमती आणि गावाची भागीदारी यांसाठी आपल्याला आजच बोलावे लागेल.

मग आपली भूमिका काय असावी? माझ्या मते चार मागण्यांभोवती आपण उभे राहावे.

पहिली, जगण्यापुरती वीज. दोन-तीन दिवे, एक पंखा, मुलांचा अभ्यास आणि लहानशी चक्की एवढ्यापुरते युनिट प्रत्येक कुटुंबाला अत्यल्प दरात मिळावेत, आणि त्यांच्यावर स्थिर आकाराचे आणि शुल्काचे ओझे नसावे. आज घरगुती बिलावर राज्य सरकार १६ टक्के वीज शुल्क घेते आणि ते स्थिर आकारावर आणि वहन आकारावरही बसते. एका बल्बच्या झोपडीकडून हे शुल्क घेण्याची काही गरज नाही. जास्त वापरणाऱ्याने त्याचा भार उचलावा.

दुसरी, अंधाराचे समान वाटप. तुटवडा आलाच, तर तो मुंबई, पुणे आणि गाव यांच्यात सारखा वाटला जावा. वसुलीच्या नावाखाली वस्तीला सामुदायिक शिक्षा नसावी. चोराला पकडा, सबंध आळीला अंधारात ठेवू नका.

तिसरी, हिशेब उघडा. प्रत्येक वाहिनीवर किती वीज गेली, किती मोजली गेली, किती तास बंद होती, हे उपकेंद्राच्या फलकावर मराठीत लिहिले जावे. कोणताही वीजखरेदी करार गुप्त नसावा. न घेतलेल्या विजेचे पैसे ज्या करारांखाली द्यावे लागतात, त्यांची यादी लोकांना कळलीच पाहिजे. एन्रॉन गेली, पण ती रीत गेलेली नाही.

चौथी, सार्वजनिक कंपनी सार्वजनिक राहावी आणि खऱ्या अर्थाने लोकांची व्हावी. संचालक मंडळावर ग्राहकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असावेत. कंत्राटी वायरमन विम्याशिवाय, पुरेशा साधनांशिवाय खांबावर चढतो आणि जीव गमावतो, ही लाजिरवाणी गोष्ट थांबली पाहिजे. भरवशाची वीज हवी असेल तर तिची राखण करणाऱ्याच्या नोकरीचाही भरवसा हवा.

मागण्यांबरोबर काम हवे. २००३ च्या कायद्याच्या कलम ४३ नुसार घरमालकाने किंवा राहत्या माणसाने अर्ज केला की ठरलेल्या मुदतीत जोडणी देणे कंपनीला बंधनकारक आहे. ‘राहता माणूस’ या दोन शब्दांत झोपडीवासीयांचा हक्क आहे आणि तो बजावून घेण्याचे काम आपल्या शाखांचे आहे. पुरवठा ठराविक वेळेत सुरू झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळण्याची तरतूद आयोगाच्या विनियमांत आहे. ती मागणारे ग्राहक मात्र विरळा. तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोगाला हरकती मागवाव्या लागतात आणि जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे कारखानदारांचे वकील कागदांचे गठ्ठे घेऊन येतात. झोपडपट्टीतली बाई आणि कोरडवाहू शेतकरी तिथे दिसत नाही. त्यांना तिथे नेणे आणि त्यांच्या हातात आकडे देणे, हे मोर्चाइतकेच महत्त्वाचे राजकीय काम आहे.

प्रत्येक शाखेने आपल्या भागातली एक वाहिनी निवडावी. तीन महिने एका वहीत नोंद ठेवावी : वीज केव्हा गेली, केव्हा आली, तक्रार कोणी घेतली, रोहित्र जळाल्यावर ते किती दिवसांनी बदलले. सोबत पन्नास घरांची बिले गोळा करून प्रत्येक रकाना लोकांना समजावून सांगावा. शहरातल्या शाखेने एका ग्रामीण शाखेशी जोडी बांधावी आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच कंपनीचे, एकाच कायद्याखालचे दोन नागरिक, त्यांच्या वाट्याला आलेल्या तासांत फरक का, हा प्रश्न मग भाषणातून विचारावा लागणार नाही. पुढच्या दरनिश्चितीच्या सुनावणीला त्या वह्या आयोगाच्या टेबलावर ठेवता येतील, आणि त्यांचे उत्तर कंपनीला आणि सरकारला द्यावे लागेल. या वर्गातून परत जाताना प्रत्येक शाखेने आपल्या वाहिनीचे नाव ठरवून जावे, एवढीच माझी विनंती आहे.